वादातून घडलेली मराठी

एकाच शास्त्राला मराठीने सहा वर्षांत तीन नावे देऊन पाहिली. १८४९ साली गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, यांनी संपत्ती कशी निर्माण होते व कशी वाटली जाते याविषयी पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘लक्ष्मीज्ञान’. १८५४ मध्ये हरि केशवजी प्रभृतींनी त्याच विषयावरचा एक इंग्रजी ग्रंथ ‘देशव्यवहारव्यवस्था’ या नावाने मराठीत आणला. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ निघाली. आज ‘लक्ष्मीज्ञान’ हे नाव ऐकले तर ते देवघरात ठेवायचे पुस्तक वाटेल, ‘देशव्यवहारव्यवस्था’ उच्चारताना धाप लागेल. ‘अर्थशास्त्र’ मात्र शाळकरी मुलांच्या तोंडी आहे. हा निवाडा कोणत्या भाषामंडळाने दिला नाही. मराठी माणसे पैसा, व्यापार आणि राज्यकारभार यांवर वाद घालीत गेली. त्या वादात जो शब्द हाताला बसला तो टिकला, बाकीचे मागे पडले.

यंत्र, राजकारण आणि अर्थकारण या तीन विषयांवर बोलण्याचे बळ मराठीत कोठून आले, याचा विचार करताना आपण बहुधा कोशकारांकडे व सरकारी परिभाषेकडे पाहतो. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु आमच्या मते हे बळ मुख्यतः भांडणातून आले. म्हणून या लेखात आम्ही चार जुनी भांडणे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिले भांडण परकीय मालाविषयीचे. त्याची सुरुवात मराठीत झाली नाही. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू’ या टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्य या देशाची संपत्ती कशी ओढून नेते हे मांडले. ती पत्रे धारदार होती. पण त्यांचा वाचक राज्यकर्ता होता. त्याच वर्षी भाऊ महाजनांनी मुंबईत ‘प्रभाकर’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांचे हिंदुस्थानच्या प्राचीन व तत्कालीन स्थितीविषयीचे मराठी पुस्तक आले आणि देशाच्या दारिद्र्याची चर्चा मराठी वाचकासमोर उभी राहिली. १८४८ च्या मार्चपासून ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. लेखक त्या वेळी अवघा पंचवीस वर्षांचा होता. ‘शतपत्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पत्रांची संख्या पुढे एकशे आठ झाली.

वाचक बदलला तसे वाक्यही बदलले. सरकारला लिहायचे तर अर्जाची भाषा चालते. आपल्याच लोकांना त्यांचे दोष सांगायचे तर ती चालत नाही. लोकहितवादींचे वाक्य आखूड आहे, कधी ओबडधोबड आहे, पण ते थेट अंगावर येते. आपले कारागीर उपाशी आणि अंगावर विलायती कापड, याला उपाय काय, असा प्रश्न घरातल्या माणसाने घरातल्याला विचारावा तसे ते विचारतात. देशी माल जाडाभरडा असला तरी तोच घ्यावा, हा विचार स्वदेशीच्या चळवळीच्या कितीतरी आधी मराठी गद्यात येऊन गेला होता.

या पत्रांना खरे उत्तर मिळाले ते पाव शतकानंतर. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींवर कठोर टीका केली. स्वजनांची एवढी निंदा केल्याने त्यांचा आत्मविश्वास नाहीसा होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. ‘अर्थशास्त्र’ हे नाव वापरणाऱ्या कृष्णशास्त्र्यांचेच हे चिरंजीव. कोणाचे बरोबर, याचा निकाल अजून लागलेला नाही. मात्र एका बाजूला लोकहितवादींचे तुटक, रोखठोक वाक्य आणि दुसऱ्या बाजूला विष्णुशास्त्र्यांचे लांब पल्ल्याचे, उपरोधाने भरलेले वाक्य, असे दोन नमुने त्यानंतरच्या प्रत्येक मराठी लेखकाला आयते मिळाले.

दरम्यान १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली आणि लोकांनी तिला ‘आगगाडी’ म्हटले. जे डोळ्यांना दिसले त्यालाच नाव दिले: आगीने चालणारी गाडी. शास्त्री मंडळी संस्कृताकडे वळत होती तेव्हा रस्त्यावरचा माणूस आपल्या घरच्या शब्दांनीच यंत्राला आपलेसे करीत होता. ‘भांडवल’, ‘नफा’, ‘दलाल’, ‘मक्ता’ हे शब्द तर व्यापाऱ्यांच्या व महसुलाच्या बोलीत होतेच. नव्या अर्थकारणाने त्यांना नवे काम दिले.

दुसरे भांडण जोतीराव फुल्यांचे. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. शेतसारा, कचेरीतील कामगारांची लाचखोरी, परदेशी मालाने बुडालेले कारागीर, जंगलखात्याने अडवलेली गायराने, पाटबंधाऱ्याच्या पाण्यावरची पट्टी, गुरांच्या जातीची सुधारणा, डोंगरावरून वाहून जाणारी माती अडवण्यासाठी ताली-बंधारे हे सारे विषय त्यात आहेत. अर्थशास्त्राच्या तोवरच्या मराठी पुस्तकांचा आधार इंग्रजी ग्रंथ होता. फुल्यांचा आधार बांधावर उभा असलेला शेतकरी आहे. त्यांचे गद्य कधी पानभर लांबणाऱ्या वाक्याने आरोपपत्र मांडते, तर कधी कचेरीतून हात हलवीत परतलेल्या शेतकऱ्याच्या घरात शिरून चुलीपाशी बसते. ‘असूड’ हा शब्दच पाहा. बैलावर चालणारे साधन त्यांनी ग्रंथाच्या नावात आणले आणि ते कोणावर चालवायचे हे वाचकाला विचारायला लावले.

या ग्रंथाचा प्रवासही शिकण्याजोगा आहे. ‘दीनबंधू’ पत्राने त्याची पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापली नाहीत. पत्र फुल्यांच्याच विचारांचे, संपादक नारायण मेघाजी लोखंडे त्यांचेच सहकारी. तरीही लेखणीची धार संपादकांना सोसली नाही. उलट बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तो वाचून घेऊन ऐकला, हे स्वतः फुल्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुण्यात लिहिलेला, सरकारवर व भिक्षुकशाहीवर कोरडे ओढणारा मराठी ग्रंथ गुजरातेतील एका राजाने कान देऊन ऐकावा, यावरून त्या काळी मराठीतील वादाचे अंगण किती विस्तीर्ण होते हे ध्यानात येते. ज्या बडोद्याने पुढे १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराच्या शब्दांचा अनेक भाषांतील कोश काढला, ते हेच बडोदे.

तिसरे भांडण आमच्या दाराशी घडले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावास आले. सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर तयार झाला, पण शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असे ते म्हणत. पुढच्या पिढ्यांनी ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा दाखला म्हणून सांगितली. आम्हांस ती तेवढी सोपी वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराला रोख पैसा लागे, आणि तो मोडला तर भाग कोठून आणायचा हा प्रश्न होताच. विषाची भीती खोटी होती, पण तिच्याआड उभी असलेली शंका खरी होती. तिला उत्तर द्यायचे तर शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणे भाग होते.

किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ गेला. तेथून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाती हळूहळू विचारांचे मासिक झाले, आणि पुढे ‘किर्लोस्कर’ याच नावाने घरोघर पोचले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध वाचकांनी प्रथम वाचले ते याच मासिकात. कारखान्याच्या जाहिरातपत्रातून वादपीठ उभे राहिले, ही मराठीच्या इतिहासातील एक नवलाची घटना आहे. यंत्र विकायचे तर यंत्राविषयी बोलावे लागते, आणि बोलू लागले की विरुद्ध मतही ऐकावे लागते.

चौथे भांडण मुळशीचे. टाटा कंपनीने पुण्याच्या पश्चिमेस मुळशी पेट्यात निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरवले. तेथील पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे उतरवून वीज करायची आणि ती मुंबईस न्यायची, अशी योजना होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातील ठळक नावे. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. त्या काळी मराठीतून झालेला वाद आज वाचताना अंगावर काटा येतो, कारण पुढच्या शंभर वर्षांतील प्रत्येक धरणाचा प्रश्न त्यात आधीच आलेला दिसतो. वीज हवी, कोळसा वाचेल, गिरण्या चालतील, हे खरे. पण ती कोणाच्या भातखाचरावर? सरकारने खाजगी कंपनीसाठी सक्तीने जमीन घ्यावी काय? मोबदला मिळाला की अन्याय संपतो काय? पुण्यातील ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना मोबदल्याचा मार्ग पटला. जे ती कसत होते त्यांना पटला नाही. म्हणजे ‘आपले लोक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे या लढ्याने उघड केले.

१९२४ च्या डिसेंबरात सेनापती बापटांनी धरणाच्या कामावर जाणारी आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. त्याच महिन्यात बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. सभासदत्वासाठी सूत कातण्याची अट त्या अधिवेशनाने मान्य केली. चरखा की गिरणी, हात की यंत्र, हा प्रश्न एकाच वेळी बेळगावच्या मंडपात आणि मुळशीच्या खोऱ्यात विचारला जात होता. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. लढा हरला. ‘धरणग्रस्त’ हा शब्द पुढे अशाच लढ्यांतून मराठीत रुळला. ज्यांची घरे बुडाली त्यांच्या दुःखाने भाषेला तो दिला.

या चार भांडणांचा हिशेब मांडताना उणे बाजूही लिहिली पाहिजे. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या हाती लेखणी होती. वाद बहुतेक वेळा त्यांच्याविषयी झाला, त्यांच्याशी झाला नाही. ‘असूडा’ची प्रकरणे थांबवण्याचे काम कोणा शत्रूने केले नव्हते, हेही विसरता येत नाही. तरीही या वादांनी काही सवयी लावल्या. पत्रावर सही टोपणनावाची असली तरी उत्तर मुद्द्याला द्यायचे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडायचे. आकडा असेल तर आकडा सांगायचा. आणि कठीण विषय आहे म्हणून परभाषेत पळून जायचे नाही.

शेवटची सवय आज आमच्या भागात मोडत चालली आहे. उचगाव, कडोली, येळ्ळूर येथे साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, कविसंमेलन रंगते. याचा आम्हांस अभिमान आहे. पण त्याच गावात जमीन संपादनाची नोटीस आली की ती समजून घेण्यासाठी दुसऱ्या भाषेचा जाणकार शोधावा लागतो. खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात सत्तरीतून वाहते. तिच्या दोन्ही अंगांना मराठी जाणणारी माणसे आहेत. २०१८ साली लवादाने कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी असे पाणी वाटून दिले. टीएमसी म्हणजे किती पाणी, ते कोणत्या ओढ्यातून वळवायचे, वळवल्यावर खालच्या विहिरींचे काय होईल, हे खानापूरच्या आणि सत्तरीच्या शेतकऱ्याने एकमेकांशी मराठीत बोलायला कोणती अडचण आहे? ओढा, पाट, बांध, खोरे, झरा हे सगळे शब्द आपल्या घरात आहेत.

ज्या भाषेत केवळ गाणी गायली जातात आणि हिशेब दुसरीकडे होतो, त्या भाषेवर तिच्या मुलांचे प्रेम राहील, विश्वास राहणार नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या भागातील प्रत्येक संमेलनात कविसंमेलनाइतकाच वेळ एका वादाला द्यावा. विषय उसाच्या दराचा असो, विजेचा असो वा पाण्याचा; दोन्ही बाजूंचे लोक मंचावर असावेत, बाधित शेतकरी पहिला बोलावा, आणि जे बोलले गेले ते छापून गावोगाव वाटावे. काही शब्द अडतील. ते अडले की बांधावरच्या माणसाला विचारावे.