३१ जुलै : नाना शंकरशेट यांचा स्मृतिदिन

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट मुरकुटे यांचे ३१ जुलै १८६५ रोजी निधन झाले. घराणे मूळचे मुरबाडचे. पूर्वज गणबाशेट मुंबईत आले. कोटातल्या ‘गनबो स्ट्रीट’च्या नावामागे तेच, असे मानतात. १८२२मध्ये वडील गेले. जमीनजुमला, पेढी आणि घरचे भवानीशंकर मंदिर, सारा भार तरुण नानांवर आला. १८६२मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सदस्य झाले. पण त्याआधीच गिरगावच्या आपल्या वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली होती, आणि त्या काळी हे धाडस फार मोठे. वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपरला उतरून लोकल पकडणाऱ्यांनी आज त्यांची आठवण जरूर काढावी : १८५३च्या बोरीबंदर-ठाणे रेल्वेसाठी झटणाऱ्यांत नाना अग्रभागी होते. पुढे वारसा चिरंजीव विनायकरावांकडे गेला.