विमान आपले, इंजिन परके

औंढा नागनाथच्या मंदिराकडे पाहताना आमची नजर एका सांध्यावर थांबते. खाली यादवकालीन शिल्पांनी भरलेला पाषाण, वर नंतरच्या काळात चढवलेले, वेगळ्या घडणीचे शिखर. मंदिर पुन्हा उभे राहिले, पण खालची घडण वर गेली नाही. भारतीय लढाऊ विमानांच्या इंजिनांचा इतिहास वाचताना हाच सांधा आम्हांला आठवतो.

हवा ओढायची, दाबायची, तीत इंधन जाळायचे आणि तप्त वायू वेगाने मागे फेकायचा, हे जेट इंजिनाचे तत्त्व. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांनी १९३० साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. जेट विमान मात्र प्रथम जर्मनीत, २७ ऑगस्ट १९३९ रोजी, हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावर उडाले. ओहाइन गटिंगेन विद्यापीठात शिकलेले. त्याच विद्यापीठात त्याच दशकात विष्णु माधव घाटगे हे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकत होते. पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्यांनी 'किरण' हे जेट प्रशिक्षण विमान घडवले. १९६४ मध्ये ते उडाले, ते ब्रिटिश 'व्हायपर' इंजिनावर.

तेव्हा उणीव बुद्धीची नव्हती. कुर्ट टांक यांचे 'मरुत' १९६१ मध्ये बंगळूरला उडाले. पण योग्य इंजिनाअभावी ध्वनीच्या वेगापुढे झेपावण्याचा त्याचा हेतू अपुरा राहिला. नाशिकजवळ ओझरला 'मिग-२१' बांधले गेले, त्यांची इंजिने ओडिशातील कोरापुटला. दोन्ही सोव्हिएत परवान्याने. परवान्याने आराखडा मिळतो, त्यामागची कारणमीमांसा मिळत नाही. टर्बाइनभोवतीचा वायू पात्याचा धातू वितळवील इतका तप्त असतो. म्हणून पात्याच्या पोटातून हवा खेळवून ते थंड ठेवावे लागते, प्रगत इंजिनात तर सबंध पाते एकाच स्फटिकाचे ओतावे लागते. हे ज्ञान कागदावरून उतरत नाही. फसलेल्या ओतकामांतून ते हातात मुरते.

१९८९ मध्ये मंजूर झालेले 'कावेरी' इंजिन २००८ मध्ये 'तेजस'पासून वेगळे केले गेले. त्याला निव्वळ अपयश म्हणणे आम्हांला पटत नाही. फसण्याची ती आपली पहिली दीर्घ संधी होती. २०२१ मध्ये हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी पाती घडवून दिली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरहून 'तेजस मार्क-१ए' उडाले, तेही अमेरिकन इंजिनावर. सांधा अजून दिसतो आहे.