उपासनासंगीत, मराठी ख्रिस्ती
मराठी चर्चमधील सामुदायिक भक्तिगायन. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ पाश्चात्त्य चालींवर बसवली. ऱ्हस्व-दीर्घाच्या ओढाताणीमुळे ती अनेकदा कानाला खटकत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-भजनाच्या घाटात गीते रचली, आणि ख्रिस्तभक्तीला घरचा सूर मिळाला. तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. रविवारच्या उपासनेत प्रार्थना, शास्त्रवाचन व उपदेश यांच्या अधेमधे मंडळी उभी राहून गाते. अक्षरओळख नसलेल्यांनाही गीते तोंडपाठ असत, हे त्यांचे खरे बळ. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या अनेक रचना समाविष्ट आहेत.