उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

खापरखेडा : रात्री सुस्थितीत उभी केलेली मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसती ‘टक् टक्’ करते आणि सुरू होण्याचे नाव घेत नाही. अशा वेळी बहुतेक वाहनधारक धक्का मारून काम भागवितात किंवा थेट नवी बॅटरी विकत आणतात. मात्र दोष बॅटरीत नसून गाडीच्या वायरिंगमध्ये असेल, तर काही हजार रुपये खर्चून बसविलेली नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते. म्हणूनच खरेदीपूर्वी मोजमाप करणे शहाणपणाचे ठरते.

महानिर्मितीच्या १,३४० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या खापरखेड्यात या तक्रारीला पोषक अशी सारी परिस्थिती आहे. वसाहतीतून केंद्रापर्यंत किंवा बाजारापर्यंतचा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा. सेल्फ मारताना खर्ची पडलेली वीज भरून निघण्यापूर्वीच गाडी पुन्हा बंद होते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीच्या आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि आतील प्लेटांची झीजही वाढते. बॅटरीच्या माथ्यावर साचलेली राख, धूळ व आम्लाचा ओलावा यांच्या थरातूनही दोन टर्मिनलांमध्ये वीज झिरपत राहते.

किती दिवसांत उतरली?

निदानाची सुरुवात या प्रश्नापासून करावी. गाडी बंद असतानाही घड्याळ, सायरन, सेंट्रल लॉक आणि संगणक थोडी वीज घेतच असतात. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंतचा हा खर्च सर्वसाधारण मानला जातो. ४५ अँपिअर-अवर क्षमतेची पूर्ण भरलेली बॅटरी ३० मिलिअँपिअर खर्चावर सुमारे महिनाभरात निम्मी होते. त्यामुळे महिनाभर गावी जाऊन आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर त्यात बिघाड असेलच असे नाही.

डिकीतील पाच वॉटचा दिवा विझत नसेल, तर तो दिवसाला सुमारे दहा अँपिअर-अवर वीज खातो. तीच बॅटरी दोन दिवसांत निम्म्यावर येते. एकाच रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर दिवे चालू राहिल्याची शंका प्रथम दूर करावी. त्यानंतर बॅटरी जुनी झाली आहे काय किंवा ती मुळात पूर्ण भरतच नाही काय, हे पाहावे.

मल्टिमीटरची साक्ष

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामी पुरेसा आहे. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर बॅटरीच्या टर्मिनलांवर १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली असते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, तर १२ व्होल्टच्या खाली ती जवळपास रिकामी समजावी. सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे. इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. सतत कमी मिळत असल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब कमी-जास्त करतो, हे ध्यानात ठेवावे.

गळती कशी शोधावी?

बॅटरी व चार्जिंग दोन्ही ठीक असतील, तर गळतीकडे वळावे. किल्ली काढून गाडीपासून दूर ठेवावी आणि दारे बंद करावीत. ऋण टर्मिनलची केबल सोडवून ती आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या जोडणीवर लावावा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळतो. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. संगणक झोपी जाण्यास अर्धा तास लागू शकतो, तेवढा धीर धरावा.

त्यानंतरही आकडा ५० मिलिअँपिअरपेक्षा बराच अधिक असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजसरशी आकडा एकदम खाली येतो, त्या मार्गात दोष आहे. फ्यूजपेटी आत असल्यास उघड्या दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने मिटवून ठेवावे, म्हणजे आतला दिवा फसवणूक करणार नाही. बाहेरून बसविलेली म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, चिकटलेला रिले हे नेहमीचे संशयित. सर्व फ्यूज काढूनही आकडा उतरत नसेल, तर अल्टरनेटरमधील डायोड तपासून घ्यावा.

उपाय आणि खबरदारी

दोष सापडल्यावर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी. क्षमतेच्या एक दशांश प्रवाह, म्हणजे ४५ अँपिअर-अवरसाठी साडेचार अँपिअर, हे प्रमाण सुरक्षित आहे. रिकाम्या अवस्थेत बॅटरी पडून राहिल्यास प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि क्षमता कायमची घटते. बॅटरीचा माथा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. झाकणे घट्ट असावीत. पाणी भरण्याची सोय असल्यास डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग गाडी चालवावी. दीर्घ काळ बाहेरगावी जाताना ऋण केबल सोडून ठेवावी. मात्र त्यापूर्वी गाडीची पुस्तिका वाचावी.

केबल सोडवताना आधी ऋण व नंतर धन, जोडताना याउलट क्रम पाळावा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे विडी-सिगारेट व ठिणगी दूर ठेवावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तेथील नारिंगी केबलला मात्र हात लावू नये.

मोजमापानंतर बॅटरीच बाद ठरली, तर जुनी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतील शिसे माती व पाण्यात मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो.