आवरणारा हात

भेडाघाटास धुआंधारच्या कठड्याशी उभे राहून कोणी शेजाऱ्याच्या कानी कुजबुजल्याचे ऐकिवात नाही. कोसळत्या नर्मदेपुढे तेथे हाकही मुकी होते. परंतु तेथून थोड्याच अंतरावर संगमरवरी कड्यांमधून नाव चालू लागली की वल्ह्यावरून निथळणारा थेंबही ऐकू येतो. एकाच नदीचे हे दोन आवाज आपण एकाच कानाने ऐकतो आणि त्यात काही नवल घडले असे आपणांस वाटत नाही. यंत्राची गोष्ट निराळी. त्याचा कान अरुंद असतो. फार मोठा आवाज आला तर तो फाटतो, फार लहान आला तर यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. या अरुंद वाटेने रुंद जग कसे न्यावयाचे, हा प्रश्न ध्वनिमुद्रण करणाऱ्यांस सव्वाशे वर्षांपासून पडलेला आहे. त्याचे जे उत्तर निघाले त्यास ‘कॉम्प्रेशन’ हे नाव पडले. आपण त्यास ध्वनिसंकोचन म्हणू. गाण्याची फाइल लहान करण्याचा जो प्रकार आहे तो वेगळा. येथे आकुंचन पावते ते मोठ्या आणि लहान आवाजातील अंतर.

मी जबलपुरातील एका केंद्रीय कार्यालयात कारकून आहे. या विद्येशी माझा संबंध आला तो घरगुती कारणाने. आईच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास ट्रंकेत एक जुनी कॅसेट सापडली. वाईच्या घरी ती पहाटे स्वयंपाक करताना भूपाळ्या म्हणत असे आणि वडिलांनी माजघराच्या कोनाड्यात टेपरेकॉर्डर ठेवून त्या गुपचूप मुद्रित केल्या होत्या. आवाज फार दूरचा होता. मी तो संगणकावर घेतला, संकोचनाची कळ मन मानेल तशी पिळली, खाली तंबोरा व पेटी घातली आणि नातलगांस पाठविला. सर्वांनी वाहवा केली. वाईच्या काकांचा मात्र फोन आला. ते म्हणाले, “अक्षर न् अक्षर कळतं रे. पण वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत नाहीत. कानाशी तोंड लावून म्हणतायत. ही आमची वहिनी नव्हे.” ते वाक्य मला फार लागले, आणि आपण नेमके काय केले हे समजून घेण्यासाठी मी या विषयाच्या इतिहासात शिरलो.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन अथवा विद्युतवर्धक नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यासमोर गावयाचे, त्या हवेच्या धक्क्याने पडदा कापावयाचा आणि सुईने मेणात रेघ कोरावयाची. रेघ फार हेलकावली तर शेजारच्या रेघेत घुसे, फार थोडी हलली तर तबकडीच्या खरखरीत हरवे. म्हणून त्या काळच्या मुद्रणगृहांत तार स्वर आला की गायकाने मागे सरावयाचे आणि मंद्रात उतरला की कर्ण्याशी यावयाचे, असा शिरस्ता होता. संकोचनाचे पहिले यंत्र म्हणजे गायकाचे पाऊल, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

१९२५ च्या सुमारास विद्युत मुद्रण आले आणि हे काम पावलाकडून हाताकडे गेले. काचेआड बसलेला मुद्रक कळीवर बोटे ठेवून ऐके, आणि जोराची जागा येते असे दिसताच ती किंचित उतरवी. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ निघाला, तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्राची भूमिकाही करीत आणि स्वतः गातही असत. वाद्याने शब्द झाकू नये ही काळजी तेव्हा माणसांनीच वाहावयाची होती. मात्र माणसाच्या हातात एक उणीव राहतेच. कान ऐकतो, मन ठरविते, मग हात हलतो. तेवढ्यात आवाज येऊन गेलेला असतो.

ही उणीव भरून काढण्याची निकड प्रथम भासली ती टेलिफोन आणि रेडिओ यांस. १९२७ साली लंडन व न्यूयॉर्क यांच्यामध्ये बिनतारी टेलिफोन सुरू झाला. समुद्रापारच्या खरखरीत हळू बोलणाऱ्याचे शब्द बुडत. यावर १९३० च्या दशकात अशी योजना झाली की पाठविताना लहान आवाज उचलून मोठ्याच्या जवळ आणावा आणि पलीकडे पोचल्यावर त्यांतील मूळ अंतर परत द्यावे. हेच तत्त्व पुढे अंकीय टेलिफोनात आले. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि एरवी १३ बिटांत मावणारा प्रत्येक नमुना ८ बिटांत बसवितात. तो बसविताना बारीक आवाजाला अधिक पायऱ्या दिल्या जातात आणि मोठ्याला कमी. भारतात यासाठी ‘ए-लॉ’ नावाचा नियम चालत आला आहे. आपल्या जबलपुरात दूरसंचाराचे प्रशिक्षण केंद्र १९४२ पासून आहे आणि तेथे शिकून गेलेल्या अभियंत्यांनी देशभर ही यंत्रे सांभाळली. आपण परमुलखात नोकरी करणाऱ्यांनी गावाकडच्या माणसांचा आवाज वर्षानुवर्षे ऐकला तो असा संकोचून पुन्हा उलगडलेला. त्याबद्दल आपली कधी तक्रार नव्हती, कारण जे आवळले ते सोडण्याचीही व्यवस्था त्यात होती.

रेडिओची अडचण वेगळी होती. ठराविक मर्यादेपलीकडे आवाज गेला की प्रक्षेपण विकृत होते आणि शेजारच्या केंद्रालाही उपद्रव पोचतो. यासाठी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३७ साली आपोआप आवर घालणारे यंत्र काढले. पुढे १९६० च्या दशकात जिम लॉरेन्स याने केलेले एलए-२ए हे यंत्र तर मोठे मौजेचे आहे. त्याच्या पोटात एक प्रकाशपट्टी आणि एक प्रकाशसंवेदी रोधक समोरासमोर बसविलेले असतात. आवाज वाढला की पट्टी उजळते, उजेडाने रोधकाचा रोध घटतो आणि आवाज तेवढ्या प्रमाणात उतरतो. पट्टी विझली तरी रोधक पूर्ववत व्हायला वेळ लागतो, म्हणून आवाजही हलकेच पूर्वपदावर येतो. मुद्रकाच्या हाताचे काम दिव्याने पत्करले ते असे.

अशा प्रत्येक यंत्रात दोन वाटा असतात. एका वाटेने आवाज पुढे जातो, दुसऱ्या वाटेवर त्याचे मोजमाप होते. ही दुसरी वाट म्हणजे ‘साइडचेन’. आता कल्पना करा की पुढे जातो आहे तंबोरा आणि मोजला जातो आहे गायकाचा कंठ. मग गायकाने शब्द उचलला की तंबोरा आपोआप मागे सरेल आणि तो थांबला की पुढे येईल. रेडिओवर निवेदक बोलू लागताच पाठीमागचे संगीत नमते, ते याच युक्तीने. आपल्या संगीतास मात्र ही युक्ती नवी नाही. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. थिरकवांसारखा एकल वादनातील सम्राट नाट्यपदाच्या साथीस बसतो, तेव्हा कोठे उमटावे आणि कोठे मिटावे याचे भान हेच त्याच्या साथीचे मर्म असते. यंत्र ते भान आकड्यांत मांडते, एवढाच फरक.

या इतिहासाचे एक पान आपल्या देशाशीही जोडलेले आहे. रे डॉल्बी हा तरुण अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. तोही एका अर्थी आपल्यासारखाच परमुलखात नेमणुकीवर आलेला. १९६५ साली लंडनमध्ये त्याने आपली प्रयोगशाळा काढली आणि लवकरच टेपवरील सळसळ घालविण्याची पद्धत दिली. मुद्रण करताना हळवे आवाज उचलावयाचे आणि वाजविताना ते पुन्हा मूळ जागी उतरवावयाचे. ते उतरताना टेपची सळसळही त्यांच्याबरोबर खाली जाते. मंद स्वर गोंगाटातून वाचविणाऱ्या या माणसाच्या नावाचे महाराष्ट्रात पुढे काय झाले, हे वाचकांस ठाऊक आहेच. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हादरविणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीस आपण ‘डॉल्बी’ म्हणतो!

पण हा विपर्यास केवळ नावाचा नव्हे. १९८२ साली सीडी आली आणि सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर सामावणारी प्रशस्त जागा मिळाली. अपेक्षा अशी की आता आवळण्याचे कारण उरले नाही. घडले उलटेच. आपले गाणे दुसऱ्याच्या गाण्याहून मोठे वाटावे म्हणून १९९० नंतर कंपन्यांनी सगळे स्वर छताला टेकविले. २००८ साली मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहाविरुद्ध खुद्द त्याच्या चाहत्यांनीच ओरड केली. अखेर २०१० साली युरोपच्या प्रक्षेपण संघाने शिखरांऐवजी सरासरी मोठेपणा मोजण्याचे मानक लावले. दुर्बळ स्वरास हात देण्यासाठी निघालेले साधन बलवानाच्या चढाओढीत वापरले गेले, ते असे.

हेच साधन आता आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात आले आहे. २००० साली प्रथम निघालेली ऑडॅसिटी ही संगणकप्रणाली फुकट मिळते. तिच्यात संकोचनाची सोय आहे आणि ‘ऑटो डक’ या नावाने एका आवाजाखाली दुसरा नमविण्याचीही. संकोचनात चार गोष्टी ठरवावयाच्या असतात: कोणत्या उंबरठ्यापलीकडे आवरावयाचे, किती प्रमाणात, किती लवकर धरावयाचे आणि किती सावकाश सोडावयाचे. प्रमाण ४:१ ठेवले तर उंबरठ्याच्या वर ८ डेसिबल गेलेला आवाज २ डेसिबलच वर राहतो. मग सगळाच आवाज उचलून कानापर्यंत आणता येतो. परंतु त्याबरोबर भांड्यांचा खणखणाट, श्वास आणि खोलीचा घुमाराही उचलला जातो. कानाला अंतराचा अंदाज मिळतो तो याच चढउतारांतून. ते सपाट झाले की स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली भिंतच नाहीशी होते. काकांनी नेमके हेच ओळखले होते.

मूळ मुद्रण मी पुसले नव्हते, हे माझे भाग्य. दुसऱ्या खेपेस प्रमाण २:१ वर आणले, उंबरठा इतका उंच ठेवला की केवळ एखादी जोराची ओळ त्यास शिवावी. पेटी काढून टाकली. तंबोरा ठेवला, पण आईचा आवाज उमटताच तो ३ डेसिबलांनी खाली जाईल अशी साइडचेन बांधली आणि सोडण्याचा वेळ लांब ठेवला, म्हणजे त्याची ये-जा कानाला जाणवू नये. शब्द पहिल्याइतके स्पष्ट आले नाहीत. दोन ठिकाणी तर फोडणीने ओळच गिळली. ती मी तशीच राहू दिली.

आपल्यापैकी बहुतेकांकडे अशी एखादी कॅसेट, निदान फोनमधील एखादे मुद्रण असेलच. त्यास हात लावण्यापूर्वी त्याची एक प्रत अस्पर्श बाजूस ठेवावी, एवढी विनंती करावीशी वाटते. नवे मुद्रण मी काकांस पाठविले. दोन दिवस उत्तर आले नाही. मग रात्री फोन आला. गाण्याविषयी ते काही बोलले नाहीत. “पहाटेचा पाण्याचा हंडा चुलीवर चढवताना कडी वाजायची बघ,” ते म्हणाले, “ती ऐकू आली.”