रात्रीचा सीसीटीव्ही: आधी मेगापिक्सेल की लाईट?

नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर हे घरांना दारं नसलेलं गाव. 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. बाकी जिल्ह्यात मात्र कॅमेरा लागतोच!

2 मेगापिक्सेल म्हणजे आडवे 1920 पिक्सेल. अनोळखी चेहरा ओळखायला मीटरमागे साधारण 250 लागतात, म्हणजे फ्रेममध्ये जेमतेम साडेसात मीटर रुंदी. अख्खं अंगण एकाच कॅमेऱ्यात कोंबलं तर चोर दिसेल, पण कोण ते कळणार नाही.

रात्री इन्फ्रारेडवर चित्र ब्लॅक अँड व्हाईट येतं, गाडीचा रंग समजत नाही. रंग हवा तर एलईडी लावा, पण लेन्ससमोर नको. कॅमेऱ्याच्या मागून किंवा बाजूने. आणि कोळ्याचं जाळं पुसत जा, इन्फ्रारेडमध्ये तेच पांढरंफटक चमकतं.