पद्मिनीच्या इंजिनाला रिंग कोणती?

बंगळुरूच्या जे. पी. नगरात माझ्या घराखाली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचे इंजिन नव्याने बांधायला उघडले, तेव्हा मदतीला आलेल्या विद्यार्थ्याने लगेच विचारले, "सर, रिंग कोणत्या कंपनीची घ्यायची?" तुम्हीही बहुधा हेच विचाराल. पण हा शेवटचा प्रश्न आहे.

सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनांत पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट तागासारख्या धाग्यांनी बुजवत. ते झिजत, आणि पुन्हापुन्हा आवळावे लागत. १८५२ च्या सुमारास जॉन रॅम्सबॉटम या इंग्लंडमधल्या रेल्वे अभियंत्याने एका जागी कापलेली धातूची कडी वापरली. कडी सिलिंडरपेक्षा किंचित मोठी. दाबून आत घातली की स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकते. आजची रिंग मुळात तीच. फरक एवढाच, की पेट्रोल इंजिनात जळलेल्या वायूचा दाबही रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो.

सगळे गणित त्या कापलेल्या जागेत, म्हणजे गॅपमध्ये आहे. सिलिंडरचा व्यास ०.१ मिमी वाढला की परीघ ०.३१ मिमी वाढतो आणि गॅप तेवढीच रुंदावते. गाडी निळा धूर का मारते, याचे एक उत्तर इथे आहे.

आता पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली; गाड्या मुंबईत कुर्ल्याला बनत. ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने आली. इंजिन तेच: १०८९ घनसेंमी, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, म्हणून लोक जुनेच इंजिन बोअर करून घेत आणि ओव्हरसाइझ पिस्टन-रिंग बसवत. मॉडेल दशकानुदशके तेच राहिल्याचे ग्राहक म्हणून दुःख असेल. सुटे भाग शोधताना मात्र ते वरदान ठरते.

आमच्या इंजिनात सिलिंडर वर ६८.१६ आणि खाली ६८.०२ भरला. विद्यार्थी म्हणाला, ०.४० ओव्हरसाइझ रिंग कानशीने घासून बसवू, बोअरिंगचा खर्च वाचेल. हा मोह जुना आहे. ६८.४० साठी बनवलेली कडी लहान भोकात गोल राहत नाही. काही ठिकाणी टेकते, काही ठिकाणी नाही. शिवाय सिलिंडर निमुळता झाल्याने गॅप प्रत्येक फेरीत जवळजवळ अर्धा मिलिमीटर उघडझाप करणार. म्हणून ६८.४० ला बोअर, होनिंग, आणि त्याच मापाचे पिस्टन-रिंग.

क्रोमची की साध्या बिडाची? क्रोम जास्त टिकते, पण भिंतीशी जुळायला वेळ घेते. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीला मी वरची रिंगही बिडाचीच घेतली. टॅक्सी असती तर क्रोम घेतली असती.

गॅपचा जुना ठोकताळा असा: व्यासाच्या दर इंचाला ३ ते ४ हजारांश इंच. आपल्या मापाला साधारण ०.२० ते ०.२७ मिमी, मॅन्युअल हाती असेल तर त्यातलाच आकडा धरा. गॅप फार कमी ठेवली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. रिंग उलट्या पिस्टनने सरळ आत ढकला आणि फीलर गेज लावा. नवे बोअर नसेल तर हे माप सर्वांत कमी झिजलेल्या, खालच्या भागात घ्या.

तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगला कानशीचे दोन हात मारावे लागले. कंपनीचा प्रश्न जे. सी. रोडच्या दुकानात दोन मिनिटांत सुटला.